यादी गेली, आता पेपर कुठे टाकायचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, आपली ‘केअर’ यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून जळगाव असो, धुळे असो की शहादा, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा आला की एक प्रश्न येतोच: मग आता पेपर टाकायचा कुठे?

या जगाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. प्राध्यापकांच्या बढतीत आणि पीएचडी करणाऱ्यांच्या वाटचालीत छापून आलेल्या शोधनिबंधांना वजन असतं. वजन आलं तसा बाजारही आला आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं उगवली. यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली, तर बोगस मंडळी त्या यादीतही शिरली. मे २०१८ मध्ये एका दमात ४,३०५ नावं काढून टाकावी लागली. मग नव्याने गाळून ‘केअर’ यादी आली. आता तीही गेली. काही सुचवलेले निकष हाती देऊन जर्नल पारखण्याचं काम विद्यापीठं, कॉलेजं आणि खुद्द लिहिणाऱ्यावर सोपवण्यात आलं आहे.

माझ्या मते ‘कुठे’ हा नंतरचा प्रश्न. यादी होती तेव्हाही चांगल्या जर्नलांतून पेपर धडाधड परत येतच होते. त्यातल्या पुष्कळांत सांगण्यासारखा दावाच नसायचा.

प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे पेपर नव्हे

पीएचडीचा प्रबंध दोन-तीनशे पानांचा असतो. त्यात विषयाचा इतिहास येतो, आधीच्या अभ्यासांचा आढावा येतो, आपण किती वाचलं हेही दाखवायचं असतं. पेपर मात्र चार ते आठ हजार शब्दांत एकच गोष्ट सांगतो: हे आजवर माहीत नव्हतं, मी अमुक पद्धतीने शोधलं, आणि हे सापडलं. प्रबंधाचं एखादं प्रकरण कापून, वर सारांश चिकटवून पाठवलं की संपादकाला ते पहिल्या पानावरच कळतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. आपल्याकडे असे मथळे ढिगाने सापडतात: ‘खानदेशातील केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या: एक चिकित्सक अभ्यास’. यात प्रश्न कुठे आहे? समस्या आहेत हे रावेर-यावलच्या पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आता हाच विषय असा पाहा. बाजार समिती केळीचा भाव जाहीर करते, पण शेतकऱ्याच्या हातात पुष्कळदा त्याहून कमी पडतो ही जुनी तक्रार आहे. मग विचारा: रावेर तालुक्यात जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव यांत फरक किती? आणि ज्यांनी व्यापाऱ्याकडून आधी उचल घेतली होती, त्यांच्या बाबतीत तो फरक जास्त असतो का? हा प्रश्न मोजता येतो. उत्तर ‘हो’ही येऊ शकतं आणि ‘नाही’ही. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून ठरलेलं असतं, त्याच्यावर पेपर लिहिता येत नाही, फार तर निवेदन लिहिता येतं.

तुमचा दावा एका वाक्यात, विषय न शिकलेल्या माणसाला सांगता येतो का ते बघा. येत नसेल तर पेपर अजून व्हायचा आहे.

पाठवल्यावर तिकडे नेमकं काय होतं?

पेपर आधी संपादकाकडे जातो. आपल्या जर्नलच्या विषयात बसतो का, नवं काही आहे का, नियमांप्रमाणे मांडला आहे का, एवढं तो बघतो. इथेच नकार मिळाला तर त्याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. नामांकित जर्नलांत आलेल्या पेपरांचा मोठा भाग इथेच थांबतो. पुढे गेला तर त्याच विषयातले साधारण दोन किंवा तीन जाणकार तो वाचतात. हे पीअर रिव्ह्यू, म्हणजे सहपरीक्षण. पुष्कळ ठिकाणी परीक्षकाला लेखक कोण हे कळत नाही आणि लेखकाला परीक्षक कोण हे कळत नाही. परीक्षकांना या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत. आपलं शिकवणं सांभाळून, रात्री नाहीतर रविवारी ते वाचतात. म्हणून उत्तराला महिने लागतात. आणि म्हणूनच दोन दिवसांत ‘अभिनंदन, आपला पेपर स्वीकारला आहे’ असा मेल आला तर पेढे आणू नका.

निकाल चार प्रकारचे: जसाच्या तसा स्वीकार (हा जवळजवळ कुणालाच मिळत नाही), किरकोळ दुरुस्त्या, मोठ्या दुरुस्त्या, नकार. मोठ्या दुरुस्त्या आल्या की आपल्याकडे चेहरे पडतात. खरं तर ती चांगली बातमी आहे. दार उघडं आहे.

सगळ्यात जास्त पेपर पडतात कुठे? पद्धतीत

बहुतेक पेपरांची हाडं सारखीच असतात: प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष (म्हणजे काय सापडलं ते), चर्चा. लिहिताना मात्र हा क्रम पाळू नये. आधी तक्ते आणि आलेख पक्के करा, मग पद्धत लिहा, मग काय सापडलं ते, मग त्याचा अर्थ. प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सर्वात शेवटी. काय सापडलं हे कळण्याआधी लिहिलेली प्रस्तावना बहुधा स्वातंत्र्योत्तर काळापासून सुरू होते.

परीक्षकाचा डोळा पद्धतीवर असतो. ‘संशोधकाने १०० शेतकऱ्यांची निवड केली.’ कशी केली? तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या यादीतून चिठ्ठ्या काढून? की मामेभावाच्या गावात जाऊन, जे भेटले त्यांना विचारून? दुसऱ्या प्रकारालाही नाव आहे, सोयीचा नमुना. तो वापरायला बंदी नाही. पण मग तो तसाच सांगायचा आणि त्यावरून ‘खानदेशातील शेतकरी’ असं बोलायचं नाही. त्या गावांतल्या त्या १०० जणांपुरतंच बोलायचं.

भाषेचा मुद्दा तर आपल्या भागात कायमचा आहे आणि तो क्वचितच कुणी लिहितं. प्रश्नावली इंग्रजीत तयार झाली, विचारली अहिराणीत, नंदुरबारकडे गेलात तर भिली नाहीतर पावरीत, उत्तरं मराठीत टिपली आणि तक्ता पुन्हा इंग्रजीत. या प्रवासात प्रश्नाचा अर्थ तोच राहिला हे कशावरून? एका जाणकाराने उलट भाषांतर करून मूळ प्रश्नाशी ताडून पाहिलं का? दुभाषा कोण होता, सावकाराच्या घरचा तर नव्हता? या चार ओळी लिहिल्याने पेपर दुबळा होत नाही. उलट हा माणूस खरंच धडगावात गेला होता, हे वाचणाऱ्याला पटतं.

मग आकडे. ३० जणांना विचारलं आणि तक्त्यात लिहिलं ‘६६.६७ टक्के’. म्हणजे २० माणसं. एक माणूस इकडचा तिकडे झाला तर आकडा सव्वातीन टक्क्यांहून अधिक हलतो, आणि आपण दशांशाची दोन घरं दाखवतो! सरळ ‘३० पैकी २०’ लिहा.

त्यापुढे पी-मूल्य येतं. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. ०.०५ पेक्षा कमी आलं की संगणक आनंदी होतो. पण फरक किती मोठा आहे हे पी-मूल्य सांगत नाही. समजा हजारो विक्रींच्या नोंदी घेतल्या आणि उचल घेणाऱ्यांना क्विंटलमागे सरासरी ५ रुपये कमी मिळाल्याचं दिसलं. पी-मूल्य कदाचित झकास येईल. शेतकरी मात्र विचारेल, पाच रुपयांसाठी एवढा कागद? म्हणून फरकाचा आकार लिहायचा, आणि तो आकडा साधारण कुठपासून कुठपर्यंत असू शकतो हेही लिहायचं.

आणि सर्वात जुना सापळा. उचल घेणाऱ्यांना कमी भाव मिळाला, म्हणून ‘उचलीमुळे भाव पडला’ असं लिहायचा मोह होतो. पण उचल घेतं कोण? ज्याच्याकडे शेत कमी, पाणी कमी, ज्याच्या घडांचा दर्जा हलका, त्यालाच गरज जास्त. म्हणजे कमी भावाचं कारण मालाचा दर्जाही असू शकतो. परीक्षक हा प्रश्न शंभर टक्के विचारणार. तेव्हा दर्जाची, कापणीच्या तारखेची, बागेपर्यंत ट्रक जातो की नाही याची माहिती पहिल्याच फेरीत गोळा करायला हवी. पेपर परत आल्यावर पुन्हा बागांत जाता येतं, पण तो हंगाम परत येत नाही.

शेतकऱ्याच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा विक्रीची पट्टी, म्हणजे व्यवहाराची पावती, मागा. ही सवय खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे मूळ कागदांसाठी गावोगाव वणवण फिरले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे १९२७ पासून आहे. ‘आधी कागद दाखवा’ हा हट्ट आपल्या मातीतलाच म्हणायचा.

माणसांचा अभ्यास असेल तर संमती आणि जिथे लागू असेल तिथे नीतिविषयक समितीची परवानगी हवी. ही परवानगी माहिती गोळा करण्याआधीच घ्यायची असते. नंतर मागची तारीख टाकून मिळत नाही, आणि कुठे मिळत असेल तर घेऊ नये.

‘दहा टक्क्यांच्या आत आलं, म्हणजे झालं ना?’

नाही. हा गैरसमज वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून आला. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि शिक्षा वाढत जाते. पण सॉफ्टवेअर मोजतं शब्दांचं साम्य. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत, नाव न घेता मांडली तर अहवालात शून्य येईल आणि चोरी ती चोरीच राहील. उलट पद्धतीच्या भागातली ठरीव वाक्यं जुळली तर त्यात गुन्हा नाही. टक्का कमी करण्यासाठी शब्दांची अदलाबदल करणाऱ्या मंडळींचा धंदा जोरात आहे. त्यांच्या हातून आलेली वाक्यं वाचवत नाहीत, आणि संपादक आता ती ओळखतात.

संदर्भांचंही तसंच. जे वाचलं तेवढंच द्या. एआयकडून संदर्भ मागितले तर ते अस्तित्वातच नसलेले लेख, खरे वाटतील अशी नावं आणि पानं जोडून देतं. प्रत्येक संदर्भ उघडून पाहणं हाच उपाय. पुष्कळ लेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो टाकला आणि भलतंच काही उघडलं, तर तो संदर्भ काढा. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. त्याला लेखक म्हणून दाखवता येत नाही, कारण चूक निघाली तर जबाबदारी घ्यायला ते येणार नाही.

आता येऊ ‘कुठे’वर

जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना आपण दुकानाच्या पाटीवरचा नोंदणी क्रमांक वाचून पैसे देत नाही. दागिन्यावरचा हॉलमार्क बघतो. जर्नलच्या बाबतीत मात्र लोक पाटीवरच भाळतात. ‘सर, आयएसएसएन आहे!’ आयएसएसएन हा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे. नियतकालिक अस्तित्वात आहे, एवढंच तो सांगतो. हॉलमार्कचं काम करतं सहपरीक्षण, आणि ते खरंच होतं का हे तुम्हाला तपासावं लागतं.

तपासायचं कसं? त्या जर्नलचे मागचे तीन-चार लेख आधी पूर्ण वाचा. हे कुणी करत नाही, आणि यानेच सर्वात जास्त कळतं. एका अंकात केळीवरचा रोग, गांधीवाद, नॅनोकण आणि हिंदी कविता शेजारी शेजारी असतील तर समजून जा. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन ते या जर्नलचा उल्लेख करतात का पाहा. ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.९’ असं लाल अक्षरांत लिहिलं असेल तर तो दिला कुणी ते बघा. जर्नलमधल्या लेखांचा दुसरे संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात, याचा हा आकडा. खरा जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. मिळत्याजुळत्या नावाचे आकडे विकणारेही आहेत. स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर त्यांच्या वेबसाइटवरच्या चित्रावर विश्वास न ठेवता स्कोपसच्या सूचीत जाऊन शोधा. नामांकित जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी वेबसाइट काढण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून पत्ताही नीट वाचा. आणि व्हॉट्सॲपवर ‘आजच पाठवा, परवा प्रकाशित, यूपीआय चालेल’ असा निरोप आला तर तो ग्रुपच सोडा.

‘पैसे मागितले म्हणजे बोगस का?’

तेवढ्यावरून ठरत नाही. लेख जगभर फुकट वाचायला मिळावा म्हणून काही प्रतिष्ठित जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात, आणि ते बरंच मोठं असतं. फरक असा की शुल्क वेबसाइटवर आधीच लिहिलेलं असतं, सहसा परीक्षणानंतर मागितलं जातं, आणि पैसे भरले म्हणून परीक्षण टळत नाही. लेखकाकडून किंवा वाचकाकडून काहीच न घेणारी जर्नलंही आहेत. डीओएजे या सूचीत खुल्या जर्नलांची छाननी करून नोंद होते आणि शुल्क आहे की नाही तेही तिथे दिसतं. खिशाला परवडेल तिथूनच शोध सुरू करावा, त्यात कमीपणा नाही.

‘पण आपल्या इकडून कोण विचारतं?’

ही खंत मी फार ऐकतो. अर्धी खरी आहे. संपादकाला कॉलेजचं नाव दिसतं आणि पूर्वग्रह असतात. पण खानदेशाला ज्ञानाच्या कामाची सवय नाही असं कुणी म्हणू नये. १९१६ मध्ये उद्योगपती प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक कित्येक दशकं निघत होतं, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात तिथे संचालक होता. हे तालुक्याच्या गावी.

खरी अडचण वाचायला मिळण्याची होती. ती थोडी हलकी झाली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं २०२५ पासून सरकारी संस्थांना वाचायला मिळतात. तुमचं कॉलेज त्यात येतं का हे ग्रंथपालांना विचारा. भारतातले पुष्कळ प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत. एखादा लेख कुठेच मिळाला नाही तर लेखकाला दोन ओळींचा मेल करा. बरेचजण पाठवतात.

इंग्रजी कच्चं असेल तर वाक्यं लहान ठेवा. अवघड इंग्रजीने कुणी प्रभावित होत नाही. आणि विषय लोकसाहित्य, स्थानिक इतिहास किंवा अहिराणीचा असेल तर मराठीत लिहा. त्याचे खरे परीक्षक मराठीतच सापडतील.

पीएचडीसाठी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून यावाच, ही देशभरची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा तपासून घ्या. मला हा बदल आवडला. सक्तीपोटी लिहिलेले पेपर आपण पुरेसे पाहिले.

नावं कुणाची?

नाजूक विषय आहे, म्हणून थोडक्यात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या कसोट्या आता बाकीच्या विषयांतही पुष्कळ ठिकाणी मानल्या जातात: कामात खरा वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत, मॅडमनी सही दिली, मित्राचं कॅस (म्हणजे बढतीचं प्रकरण) अडलंय, ही कारणं त्यांत बसत नाहीत. आभाराचा परिच्छेद त्यासाठीच असतो. हे बोलणं काम सुरू होताना उरकून घ्यावं. पेपर तयार झाल्यावर ते फार कडू होतं.

पाठवण्याच्या दिवशी

जर्नलच्या सूचना छापून समोर ठेवा: शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, चित्रांचा दर्जा. लेखकाचं नाव झाकायचं असेल तर पहिल्या पानावरून काढून भागत नाही. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते राहतं, आणि ‘आमच्या मागच्या अभ्यासात’ या शब्दांतूनही कळतं. सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं असावं: काय सापडलं, ते याच जर्नलच्या वाचकांना का हवं, आणि हा पेपर दुसरीकडे पाठवलेला नाही. हे शेवटचं खरं असलं पाहिजे. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पेपर पाठवणं हा या जगात गुन्हा मानला जातो.

परीक्षकांचे शेरे आले की त्याच दिवशी उत्तर देऊ नका. राग उतरू द्या. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली लिहा: काय बदललं, कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत. शेरा पटला नाही तर तसं लिहिता येतं, कारण आणि पुरावा देऊन. परीक्षकाला एखादी गोष्ट समजलीच नाही असं वाटलं तर बहुतेक वेळा ते वाक्यच गोंधळाचं असतं. तेही बदला आणि बदलल्याचं कळवा. नकार आला तरी शेऱ्यांप्रमाणे दुरुस्ती करूनच पेपर पुढच्या जर्नलकडे पाठवा. विषय लहान असला की परीक्षक मोजकेच असतात, आणि तोच पेपर, तीच चूक तशीच ठेवून, पुन्हा त्याच माणसाच्या हातात पडतो.